सोन्याखालच्या रेघा

बंदूक म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शिकार किंवा रणांगण उभे राहते. परंतु बंदुकीच्या पोलादालाही कलावंताचा हात लागतो. एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये होऊन गेलेला प्लासिदो झुलोआगा हा असाच एक थोर कारागीर.

प्लासिदोचा जन्म १८३४ साली माद्रिद येथे झाला. घराणे मूळचे एइबारचे. बास्क प्रदेशातील डोंगरांत वसलेले हे गाव पिढ्यान् पिढ्या बंदुका घडविण्याबद्दल प्रसिद्ध होते. वडील युसेबिओ हे राणी दुसरी इसाबेला हिच्या दरबारचे बंदूककार. १८५१ च्या लंडनमधील जागतिक प्रदर्शनात त्यांचे काम मांडले गेले होते. मुलाने वडिलांचीच विद्या उचलली आणि पुढे नेली.

ही विद्या मोठ्या कष्टाची. गुळगुळीत पोलादावर सोने टिकत नाही. म्हणून कारागीर प्रथम धारदार छिन्नीने त्यावर केसासारख्या बारीक रेघा ओढतो. आधी एका दिशेने, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. रेघा एकमेकींना छेदतात आणि पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म दाते उभे राहतात. त्यावर सोन्याची तार किंवा पातळ पत्रा हलक्या हातोडीने ठोकला, की दाते त्याला घट्ट धरून ठेवतात. मग रसायनांनी पोलाद काळे केले जाते आणि सोने झळकू लागते. आपल्याकडे तलवारींच्या मुठींवर आढळणारी कोफ्तगरी याच जातीची. रेघा नीट पडल्या नाहीत, तर वरची नक्षी कितीही सुंदर असो, सोने निघून येणार!

प्लासिदोने ही कला पेट्या आणि फुलदाण्यांवरही उतरविली. आल्फ्रेड मॉरिसन या धनाढ्य इंग्रज संग्राहकाने त्याच्याकडून अनेक वस्तू करवून घेतल्या. मात्र त्याचे सर्वांत हृदयस्पर्शी काम वेगळेच आहे. डिसेंबर १८७० मध्ये स्पेनचे पंतप्रधान जनरल प्रिम यांच्यावर माद्रिदच्या रस्त्यात गोळ्या झाडण्यात आल्या व तीन दिवसांनी त्यांचा अंत झाला. त्यांची शवपेटिका घडविण्याचे काम प्लासिदोकडे आले आणि १८७५ साली ती पूर्ण झाली. बंदुकांच्या कुळात जन्मलेली कला बंदुकीनेच बळी घेतलेल्या माणसाच्या समाधीवर आली. नियतीचा हा केवढा विलक्षण खेळ!

१९१० साली प्लासिदोचे निधन झाले. त्याचा मुलगा इग्नासिओ वडिलांच्या इच्छेविरुद्ध चित्रकार झाला आणि जगभर गाजला.

प्लासिदोची सही आजही त्याच्या अनेक वस्तूंवर दिसते. त्याच्या कारखान्यात मान मोडून रेघा ओढणाऱ्या कामगारांची नावे मात्र इतिहासात फारशी उरली नाहीत. संग्रहालयातील ते सोने पाहताना सर्वांचे डोळे दिपतात. पण ते शंभर-दीडशे वर्षे जागचे हलले नाही, ते त्याखालच्या न दिसणाऱ्या रेघांमुळेच.