दशांशाची वाट दाखवणारे सायमन स्टेविन

सायमन स्टेविन यांचा जन्म १५४८ साली ब्रुज शहरात झाला. हे शहर आज बेल्जियम देशात आहे. तरुणपणी ते हिशेबनीस होते. त्या काळी निरनिराळ्या छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज करताना व्यापारी नि जमीन मोजणारे पार मेटाकुटीला यायचे. त्यांच्यासाठी स्टेविन यांनी १५८५ साली डच भाषेत एक छोटेसे पुस्तक लिहिले. छेद १०, १००, १००० असेच ठेवले तर बेरीज पूर्ण संख्यांसारखी सोपी होते, हे त्यांनी दाखवले. युरोपात दशांश पद्धत पसरली ती या पुस्तकामुळे. १६२० साली ते वारले.

आता बघा, ०.७५ म्हणजे ७५/१००. अंश आणि छेद दोघांनाही २५ ने भागा. उत्तर ३/४. म्हणजे आपल्या आजीचा पाऊणच की!