मजुरांचे कैवारी काका बाप्टिस्टा

महोत्सवाच्या मंगल प्रसंगी ज्या थोर पुरुषांचे स्मरण करणे आपले कर्तव्य होय, त्यांत बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा यांचे नाव अग्रभागी शोभते.

त्यांचा जन्म माझगावच्या म्हातारपाखाडीत १७ मार्च १८६४ रोजी झाला. घराणे मूळचे उत्तनचे. सेंट मेरीज शाळेतून ते पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजात गेले व पुढे जंगल खात्यात नोकरीस लागले. परंतु तेवढ्यावर संतुष्ट न राहता त्यांनी केंब्रिज गाठले आणि १८९९ साली बॅरिस्टर होऊन ते स्वदेशी परतले. १९०१ पासून मुंबईच्या म्युनिसिपालिटीत ते लोकांचे प्रतिनिधी झाले.

सरकारची मर्जी संपादून सुखाने राहणे अशा विद्वानास कठीण नव्हते. त्यांनी मात्र लोकमान्य टिळकांचा स्नेह पत्करला. १९१६ साली बेळगावी होमरूल लीग स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद या कॅथलिक गृहस्थाकडे आले. ख्रिस्ती मनुष्य देशकार्यात परका, हा समज त्यांनी कृतीनेच खोटा पाडला.

गिरण्यांतील व गोद्यांतील कष्टकऱ्यांचे हाल ते लहानपणापासून पाहत आले होते. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईस लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत बाप्टिस्टा प्रमुख होते. त्या वेळी मजूरसंघास कायद्याचा आधार नव्हता. संप घडविणाऱ्या पुढाऱ्यावर मालक नुकसानीचा दावा लावू शकत, आणि मद्रासेत तसे घडलेही. अशा काळात, १९२१ साली, झरियाच्या कोळसाखाणींत दुसरे अधिवेशन भरले. खाणमालकांचा विरोध असूनही बाप्टिस्टांनी त्याचे अध्यक्षस्थान स्वीकारले. १९२४ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत हिंदी कामगारांचे गाऱ्हाणे मांडण्यास तेच गेले. अखेर १९२६ च्या कायद्याने नोंदलेल्या संघांस संरक्षण मिळाले.

१९२५ साली ते मुंबईचे महापौर झाले; तरी लोकांस ते काकाच राहिले. १८ सप्टेंबर १९३० रोजी त्यांना देवाज्ञा झाली. माझगावच्या टेकडीवरील बागेस आज त्यांचे नाव आहे. तेथून गोदीकडे दृष्टी टाकणाऱ्याने एवढे ध्यानी धरावे की, धर्मनिष्ठा, देशभक्ती आणि श्रमिकांविषयीची कळकळ ही तिन्ही एकाच अंतःकरणात नांदू शकतात. देव त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो!