खापरांना नाव देणारे डॉ. सांकलिया

क्रांती चौकातून नगरच्या रस्त्याने निघाले, की तास-दीड तासात प्रवरा नदीकाठचे नेवासे लागते. तेथे १९५४ ते १९५६ या काळात मोठे उत्खनन झाले. त्याचे प्रमुख होते डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया.

सांकलियांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईत झाला. त्यांची मातृभाषा गुजराती. संस्कृत शिकून पुढे त्यांनी लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९३९ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले.

मडके फुटते, पण त्याचे खापर कुजत नाही. म्हणून जुन्या वस्तीत खापरांचे ढीग सापडतात. त्यांचे वर्ग पाडावे लागतात आणि वर्गाला नाव द्यावे लागते. हे काम सोपे नाही. तुमच्या घरी मटका म्हणतात, शेजारी माठ म्हणतात; भांडे एकच. शिवाय लोटा म्हटले, की त्यात पाणीच असणार असे आपण धरून चालतो. तीन हजार वर्षांपूर्वी त्यात दूधही असेल! म्हणून माती, रंग, आकार आणि भाजणी पाहून वर्ग करतात. पुष्कळदा त्याला गावाचे नाव देतात.

१९५०-५१ मध्ये सांकलिया व शां. भा. देव यांनी संगमनेरजवळ जोर्वे येथे उत्खनन केले. तेथे तांबडी, काळ्या नक्षीची, पक्की भाजलेली भांडी निघाली. काहींना तोटी होती. या भांड्यांना जोर्वे हे नाव मिळाले. अशीच भांडी नेवाशातही निघाली. नेवाशाच्या अहवालाच्या लेखकांत झेड. डी. अन्सारी हेही होते.

पुढे भांड्यांचे नाव माणसांनाही लागले. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते ७०० या काळातील त्या शेतकऱ्यांना आपण जोर्वे संस्कृतीचे लोक म्हणतो. पण त्यांनी लिहिलेला एक शब्दही मिळालेला नाही. ते स्वतःला काय म्हणत, कोणती भाषा बोलत, हे खापर सांगत नाही.

नर्मदाकाठच्या नवदाटोलीत सांकलियांना इराणमधील भांड्यांसारखे पेले दिसले. ते आर्यांचे असावेत, असा तर्क त्यांनी केला. आर्य हे नाव भाषांच्या अभ्यासातून आलेले. ते मातीच्या पेल्याला लावावे का? अनेक अभ्यासकांना हा तर्क पटला नाही. थोर माणसाचे मतही पुराव्यावर तपासायचे असते.

१९७४ साली सांकलियांना पद्मभूषण मिळाले. २८ जानेवारी १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. जोर्वे हे लहान गाव त्यांच्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत पोहोचले.

शब्दार्थ
खापर – फुटलेल्या मडक्याचा तुकडा
उत्खनन – जुन्या वस्तूंच्या शोधासाठी केलेली खोदाई
तोटी – टोंटी
तर्क – अंदाज, कयास
पुरावा – सबूत