सत्यनिष्ठ शास्त्रज्ञ हेन्री व्हिक्टर रेन्यो

समुद्रकिनारी पाणी 100 अंशांवर उकळते. परंतु आपल्या सिद्धगडाच्या माथ्यावर, म्हणजे सुमारे 3,200 फूट उंचीवर, तेच पाणी 97 अंशांच्या आसपास उकळू लागते. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, हे त्याचे कारण होय. कोणत्या दाबाखाली पाणी किती अंशांवर उकळते याचे विश्वसनीय कोष्टक हाती असेल, तर केवळ एका उष्णतामापकाच्या साहाय्याने डोंगराची उंची काढता येते. एकोणिसाव्या शतकात अनेक प्रवासी व मोजणीदार अशीच उंची काढीत. असे कोष्टक अपार परिश्रमाने ज्यांनी सिद्ध केले, त्या हेन्री व्हिक्टर रेन्यो या फ्रेंच शास्त्रज्ञाचे चरित्र आपल्या ज्ञातीतील विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रेन्यो यांचा जन्म 21 जुलै 1810 रोजी, त्या वेळी फ्रान्सच्या अमलाखाली असलेल्या आखेन या नगरात झाला. वडील नेपोलियनच्या सैन्यात होते. 1812 च्या रशियावरील स्वारीत ते कामास आले. पाठोपाठ मातेचे छत्रही हरपले. हा पोरका मुलगा पुढे पॅरिसमध्ये एका कापडाच्या दुकानात नोकरीस राहिला. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे ठाण उलगडावे आणि उरलेल्या वेळी अभ्यास करावा, असा त्याचा क्रम होता. या चिकाटीचे फळ म्हणून 1830 साली ‘एकोल पॉलितेक्निक’ या विख्यात विद्यालयात त्यास प्रवेश मिळाला. पुढे 1840 साली त्याच विद्यालयात रसायनशास्त्राचे अध्यापक म्हणून ते गे-ल्युसॅक यांच्या जागी आले, आणि 1841 साली ‘कोलेज द फ्रान्स’मध्ये पदार्थविज्ञानाचे अध्यापक झाले.

त्यांचे आरंभीचे संशोधन सेंद्रिय रसायनाचे होते. व्हिनाइल क्लोराइड हा वायू 1835 साली त्यांनीच प्रथम तयार केला. आज शेतोशेती दिसणारे पीव्हीसीचे नळ त्याच पदार्थापासून बनतात. परंतु त्यांची खरी कीर्ती आहे ती उष्णतेच्या मोजमापात. वाफेच्या यंत्रांसाठी बिनचूक आकडे हवेत म्हणून फ्रेंच सरकारने हे कार्य त्यांच्याकडे सोपविले. त्याचा पहिला मोठा ग्रंथ 1847 साली प्रसिद्ध झाला, आणि पुढील ग्रंथ 1862 व 1870 साली निघाले.

पाण्यावरच ते थांबले नाहीत. त्या काळी ईथरच्या वाफेवर यंत्रे चालविण्याचेही प्रयत्न होत होते. मद्यार्क, ईथर, क्लोरोफॉर्म, बेंझीन, टर्पेंटाइन अशा सेंद्रिय द्रवांचे बाष्पदाब रेन्यो यांनी मोजले. हातावर स्पिरिटचा थेंब पडला की गारवा वाटतो, कारण तो उडून जाताना आपल्या त्वचेतील उष्णता नेतो. द्रवाची वाफ होताना जी उष्णता लागते, तीस सुप्त उष्णता म्हणतात. एक ग्रॅम पाण्यास ती सुमारे 539 कॅलरी लागते, मद्यार्कास सुमारे 200, तर ईथरला अवघी 85. ती मोजावयाची रीत सांगण्यास सोपी आहे. वाफ थंड पाण्यात बुडविलेल्या नळीत सोडावी, पाणी किती अंश तापले ते पाहावे आणि नळीत जमलेला द्रव तोलावा. परंतु भांड्यातून बाहेर निसटणारी उष्णता, वाफेबरोबर आलेले द्रवाचे थेंब, मद्यार्कात राहिलेला पाण्याचा अंश, यांतील प्रत्येक गोष्ट उत्तर बिघडविते. म्हणून द्रव शुद्ध करावा, उपकरण स्वतः तपासून घ्यावे, एकच प्रयोग पुनःपुन्हा करावा आणि मगच आकडा लिहावा, हा रेन्यो यांचा नेम होता. पाण्याच्या बाबतीत त्यांना मिळालेला आकडा सुमारे 537 होता. आजच्या आकड्याशी तो ताडून पाहिला म्हणजे त्या हाताची कसोटी कळते. पुढे लॉर्ड केल्विन या पदवीने विख्यात झालेले विल्यम टॉमसन 1845 साली त्यांच्याच प्रयोगशाळेत उमेदवारी करून गेले, आणि उष्णतेच्या नव्या शास्त्राची उभारणी करताना त्यांनी रेन्यो यांचेच आकडे आधारास घेतले.

रेन्यो 1854 पासून सेव्हर येथील चिनी मातीच्या सरकारी कारखान्याचे संचालक होते. 1870 साली प्रशियाशी युद्ध जुंपले. शत्रुसैन्याच्या ताब्यात गेलेल्या त्या प्रयोगशाळेतील उपकरणे मोडून टाकण्यात आली आणि प्रयोगांच्या टिपणवह्याही नष्ट झाल्या. त्याच युद्धात, 19 जानेवारी 1871 रोजी, त्यांचा चित्रकार पुत्र हेन्री वयाच्या 27 व्या वर्षी रणांगणावर पडला. 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील यांनी ज्या सिद्धगडावर देह ठेवला, त्याच्या छायेत राहणाऱ्या आपणांस त्या पित्याचे दुःख निराळे समजावून सांगावयास नको. रेन्यो यांच्या हातून पुढे मोठे संशोधन झाले नाही. पुत्रनिधनास सात वर्षे झाली त्याच दिवशी, 19 जानेवारी 1878 रोजी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

उपकरणे मोडली, वह्या गेल्या. पण छापून जगास दिलेली कोष्टके कोणासही मोडता आली नाहीत. घरच्या अडचणीमुळे आपल्याकडील एखादा मुलगा मुरबाड, शहापूर वा कल्याणच्या दुकानात तागडी धरून उभा राहतो, तेव्हा त्याचे शिक्षण संपले असे पालकांनी मानू नये. त्याच्या हाती सायंकाळी पुस्तक येईल अशी व्यवस्था ज्ञातिबांधवांनी करावी. आणि त्या मुलानेही आपली तागडी खरी धरावी. कारण खरे मोजण्याची सवय हेच शास्त्राचे पहिले शिक्षण आहे.