कर्पूरी ठाकूर : नाभिकाच्या घरातला मुख्यमंत्री

१ जानेवारीला कर्जत-खालापुरातले आपले तरुण भीमा कोरेगावला जाऊन विजयस्तंभाला मानवंदना देतात. दुसऱ्याच दिवशी, २ जानेवारीला, याच भागातली माणसं सिद्धगडला जमतात आणि भाई कोटवालांना अभिवादन करतात. विठ्ठल लक्ष्मण कोटवाल माथेरानचे, नाभिक समाजात जन्मलेले. ते शिकून वकील झाले. सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून त्यांनी कर्जत तालुक्यातल्या शेतकरी-आदिवासींसाठी धान्याच्या पेढ्या काढल्या. १९४२ मध्ये आझाद दस्ता उभारून त्यांनी मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात हिराजी पाटलांसह ते पोलिसांच्या गोळीला बळी पडले. तेव्हा ते अवघे तीस वर्षांचे होते.

त्याच १९४२ साली बिहारमध्ये नाभिक समाजातलाच एक तरुण कॉलेज सोडून तुरुंगात गेला. तो पुढे दोनदा मुख्यमंत्री झाला. त्याचं नाव कर्पूरी ठाकूर. कोटवाल आपल्या परिसरातले म्हणून आपल्याला माहीत आहेत. कर्पूरींची ओळख मात्र आपल्यातल्या अनेकांना २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न जाहीर झालं तेव्हाच झाली. आंबेडकरी कार्यकर्त्यांनी हे चरित्र वाचायला हवं. त्यांच्या सत्तेत येण्यापेक्षा त्यांची सत्ता कशी गेली, यात आपल्यासाठी मोठा धडा आहे.

कर्पूरींचा जन्म २४ जानेवारी १९२४ चा, समस्तीपूरजवळच्या पितौंझिया गावातला. वडील गोकुळ ठाकूर थोडी शेती आणि गावकीची हजामत करायचे. उत्तर बिहारमध्ये जमीन, पोलीस ठाणं, शाळा आणि कचेरी सगळं मूठभर जातींच्या हातात होतं. नाभिक समाज संख्येनेही लहान, गावोगाव विखुरलेला. स्वतःच्या जातीच्या मतांवर आमदार होणंसुद्धा अशा माणसाला शक्य नव्हतं.

‘चले जाव’ आंदोलनात त्यांनी दोन वर्षांहून अधिक तुरुंगवास भोगला. स्वातंत्र्यानंतर काही काळ गावच्या शाळेत शिकवलं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत समाजवादी पक्षातर्फे ते ताजपूरमधून आमदार झाले. पुढे लोकसभेला एकदा हरले, पण विधानसभेला कधीच हरले नाहीत. कामगारांच्या संपात, भूमिहीनांच्या मोर्चात ते पुढे असायचे. १९७० मध्ये टेल्कोच्या कामगारांसाठी त्यांनी २८ दिवस उपोषण केलं.

त्यांचे नेते डॉ. राममनोहर लोहिया. समाजवाद म्हणजे केवळ गिरणी आणि मजुरी नव्हे, या देशात जात मोडल्याशिवाय समता येणार नाही, हे लोहियांनी आपल्या पक्षाला सांगितलं. मागासवर्गीय, दलित, आदिवासी, स्त्रिया आणि मुस्लिमांतले मागास यांना मिळून शंभरात साठ जागा, ही त्यांची मागणी होती. १९५६ मध्ये बाबासाहेब आणि लोहिया यांच्यात एकत्र येण्याविषयी पत्रव्यवहार सुरू झाला होता. ६ डिसेंबरने तो धागा तोडला.

१९६७ मध्ये बिहारमध्ये पहिलं बिगरकाँग्रेस सरकार आलं. कर्पूरी उपमुख्यमंत्री आणि शिक्षणमंत्री झाले. मॅट्रिकला इंग्रजीत पास होण्याची सक्ती त्यांनी काढली. अशा पास होण्याला उच्चवर्णीय मंडळी ‘कर्पूरी डिव्हिजन’ म्हणून हिणवू लागली. पण खेड्यातली मुलं, विशेषतः मुली, त्या एका विषयापायी शाळेबाहेर फेकल्या जात होत्या. आपण बाबासाहेबांची लेकरं इंग्रजीचं मोल जाणतो, म्हणून या निर्णयाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अडथळा निघाला, पण गरिबाच्या मुलाला चांगलं इंग्रजी शिकवण्याची सोय त्याबरोबर उभी राहिली नाही.

डिसेंबर १९७० मध्ये ते पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले. ते आघाडी सरकार सहाच महिने टिकलं. आणीबाणीत ते भूमिगत राहिले आणि जून १९७७ मध्ये जनता पक्षाच्या सरकारचे मुख्यमंत्री म्हणून परतले. नोव्हेंबर १९७८ मध्ये त्यांनी आपल्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय घेतला. मुंगेरीलाल आयोगाचा अहवाल बाहेर काढून त्यांनी सरकारी नोकऱ्यांत २६ टक्के आरक्षण लागू केलं. अतिमागास जातींना १२ टक्के, इतर मागासांना ८ टक्के, स्त्रियांना ३ टक्के आणि उच्चवर्णीयांतल्या गरिबांना ३ टक्के. अनुसूचित जाती-जमातींच्या जागांना त्यात हात लावलेला नव्हता.

इथे बाबासाहेबांची आठवण होते. इतर मागासांसाठी आयोग नेमण्याची तरतूद करणारं ३४० वं कलम संविधानात आहे. तो आयोग नेमला जात नाही, हे बाबासाहेबांच्या १९५१ च्या राजीनाम्याच्या कारणांपैकी एक होतं. पुढे कालेलकर आयोग आला, पण त्याचा अहवाल दिल्लीत पडून राहिला. मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा व्हायला १९९० उजाडलं. त्याच्या बारा वर्षं आधी कर्पूरींनी बिहारमध्ये पाऊल टाकलं. शिवाय मागासांतही बलिष्ठ आणि दुबळे असतात हे ओळखून दुबळ्यांचा वाटा वेगळा राखला.

बिहार पेटला. दगडफेक, जाळपोळ झाली. मुख्यमंत्र्याच्या जातीवरून, त्याच्या आईवरून गलिच्छ घोषणा दिल्या गेल्या. कर्पूरी मागे हटले नाहीत.

त्यांच्या कारभारातली उणीवही सांगितली पाहिजे. बेलछीचं दलित हत्याकांड त्यांच्या शपथविधीच्या महिनाभर आधीचं, पण त्यांच्या काळातही दलितांवरचे हल्ले थांबले नाहीत. जमिनीचा प्रश्न तर सुटलाच नाही. अत्याचार करणाऱ्यांत काही ठिकाणी मागास जातींतले जमीनदारही होते.

एप्रिल १९७९ मध्ये कर्पूरींचं सरकार गेलं. ते पाडण्यात आरक्षणावर चिडलेला उच्चवर्णीय गट पुढे होता. पण त्या गटाने आपल्यातला कुणी पुढे केला नाही. त्याने रामसुंदर दास या दलित नेत्याला मुख्यमंत्री केलं. दास स्वतः जुने समाजवादी, त्यांच्या योग्यतेविषयी प्रश्न नाही. प्रश्न पाठिंबा देणाऱ्यांच्या हेतूचा आहे. अतिमागास माणसाला खाली खेचायला दलित माणूस वापरला गेला. तेही सरकार वर्षभर टिकलं नाही.

१७ फेब्रुवारी १९८८ रोजी कर्पूरी गेले. दोनदा मुख्यमंत्री राहिलेल्या या माणसाने मागे ना बंगला ठेवला, ना जमीनजुमला. जिवंत असेपर्यंत त्यांनी मुलाला राजकारणात आणलं नाही.

मित्रांनो, १९७९ चा तो डाव आजही संपलेला नाही. आरक्षणाचा वाद निघाला की ओबीसींना आपल्याविरुद्ध आणि आपल्याला ओबीसींविरुद्ध उभं केलं जातं. कर्जत-खालापुरातल्या गावात आपल्या वस्तीशेजारी नाभिक, परीट, कुंभार, सुतार यांची दोन-चार घरं असतात. त्यांची संख्या मोर्चाला पुरत नाही, म्हणून त्यांच्याकडे कुणी जात नाही. आपण जाऊया. २४ जानेवारीला विहारात कर्पूरींची जयंती करूया, त्या घरांतल्या मुलांना बोलवूया आणि ३४० वं कलम कुणी दिलं, ते सांगूया. १ जानेवारीला भीमा कोरेगावला जाणारी आपली पावलं २ जानेवारीला सिद्धगडलाही वळली, तर पुढचा डाव टाकणं एवढं सोपं जाणार नाही.

जय भीम!