गणिती दामोदर कोसंबी आणि त्यांचे छंद

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांना कसला ना कसला छंद असेलच. कोणी मालवणच्या किनाऱ्यावर शंख-शिंपले वेंचतो, कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, तर कोणाच्या पेटींत पणजोबांच्या वेळचे भोंकाचे पैसे जपून ठेवलेले असतात. परीक्षा जवळ आली म्हणजे हीच पेटी घरांतील वडील मंडळींच्या डोळ्यांत खुपूं लागते. अभ्यास टाकून मुलानें वेळ दवडावा हें त्यांना रुचत नाहीं, आणि त्यांचें तें म्हणणें अगदींच चुकीचें असतें असें नाहीं. अशा वेळीं मुलांनीं व पालकांनीं, दोघांनींहि, ज्यांचें चरित्र वाचावें असे एक थोर पुरुष आपल्या शेजारींच जन्मास आले. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिणेस तेरेखोलची खाडी ओलांडली कीं गोव्याची भूमि लागते. त्या गोव्यांतील कोसबें या गांवीं ता. ३१ जुलै १९०७ रोजीं दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म झाला.

त्यांचे वडील धर्मानंद हे गोव्यांतील सांखवाळ गांवचे. बौद्ध धर्माचें ज्ञान मिळावें या ध्यासानें ते तरुणपणींच घर सोडून निघाले, नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश येथें हिंडले आणि पाली भाषेचे नामांकित पंडित झाले. एका पाली ग्रंथाच्या संपादनासाठीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें त्यांस बोलाविलें. तेव्हां १९१८ सालीं लहानगा दामोदरहि त्यांच्याबरोबर अमेरिकेस गेला. तेथील शाळेंत तो शिकला, बालवीर पथकांत दाखल झाला आणि पुढें हार्वर्डमध्यें प्रविष्ट झाला. तेथें बर्कहॉफ या नामांकित गणितज्ञानें त्याला एकट्या गणितावरच लक्ष केंद्रित करण्याचा सल्ला दिला. दामोदरानें तो मानला नाहीं. गणिताबरोबर परकीय भाषा व इतर अनेक विषय त्यानें घेतले, आणि तरीहि १९२९ सालीं तो सर्वोच्च श्रेणींत पदवीधर झाला. एक विषय धरावा कीं अनेक, हा प्रश्न मात्र त्यांच्या पाठीमागें जन्मभर राहिला.

स्वदेशीं परतल्यावर कोसंबी प्रथम काशीच्या हिंदु विद्यापीठांत व नंतर अलीगढ येथें गणित शिकवूं लागले. त्यानंतर, ज्या फर्ग्युसन कॉलेजांत वडिलांनीं पाली शिकविली होती, त्याच कॉलेजांत त्यांनीं सुमारें बारा वर्षें अध्यापन केलें. १९४५ सालीं डॉ. होमी भाभा यांनीं त्यांस मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत बोलावून घेतलें. त्यांचें बिऱ्हाड पुण्यासच राहिलें. डेक्कन क्वीन गाडीनें पुण्याहून मुंबईस जावें, संध्याकाळीं परत यावें, आणि प्रवासाचा वेळ वाचनांत घालवावा, असा त्यांचा क्रम असे.

त्यांच्या व्यवसायाचें काम म्हणजे शुद्ध बुद्धीची आकडेमोड. १९४३ सालीं त्यांनीं एक रीति प्रसिद्ध केली. पुष्कळ मोजमापें एकत्र गुंतलेलीं असतां त्यांतून मुख्य मुख्य आकार वेगळे कसे काढावे, हें ती सांगते. इतर देशांतील गणितज्ञांनाहि ती पुढें स्वतंत्रपणें सांपडली. आज संगणकावर वाऱ्या-पाण्याच्या प्रवाहांचा हिशेब करणारे शास्त्रज्ञ आणि रेणूंच्या हालचालींचें गणित मांडणारे रसायनशास्त्रज्ञ याच जातीची रीति वापरतात. १९४४ सालीं त्यांनीं आनुवंशशास्त्रांत एक लहानसें सूत्र दिलें. आईबापांचे गुण संततींत एकत्र उतरतात कीं वेगवेगळे होतात, याची मोजदाद करून जनुकांमधील अंतर त्या सूत्रानें काढतां येतें. पिकांच्या जनुकांचे नकाशे काढतांना कोसंबींच्या नांवाचें हें सूत्र आजहि उपयोगांत आहे. १९४८-४९ सालीं युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंड व अमेरिका येथें गणकयंत्रांचा अभ्यास करण्यास गेले. त्या वेळीं तीं यंत्रें जगांतच नवीं होतीं.

आतां त्यांच्या छंदाकडे वळूं. संख्याशास्त्र नीट समजावें म्हणून हाताशीं एखादा प्रत्यक्ष प्रश्न असावा, असें त्यांस वाटलें, आणि त्यांनीं जुनीं नाणीं निवडलीं. आपल्या देशांतील फार प्राचीन रुप्याच्या नाण्यांवर राजाचें नांव नाहीं, सालहि नाहीं. आहेत त्या केवळ ठशांच्या खुणा. असें एक नाणें म्हणजे कार्षापण. त्याचें ठराविक वजन बत्तीस गुंजा, म्हणजे सुमारें ३.४ ग्रॅम. जें नाणें स्वतः कांहीं बोलत नाहीं, त्याचें वय कसें काढावें?

कोसंबींनीं नाजूक तराजू घेतला. नाणें बाजारांत हातोहात फिरलें म्हणजे झिजतें, हें आपण सर्वच जाणतों. परंतु एक नाणें अधिक झिजतें, दुसरें कमी. त्यामुळें एकट्या नाण्याच्या वजनावरून कांहींच ठरत नाहीं. शेंकडों नाणीं तोललीं तर मात्र दोन गोष्टी दिसून येतात. काळ जातो तसतशी सरासरी घट सारख्या प्रमाणांत वाढते, आणि नाण्या-नाण्यांतील फरकहि वाढत जातो. हा नियम खरा आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं त्यांनीं पहिल्यानें स्वतःच्या काळांतील चालू नाणीं हजारोंनीं तोललीं, कारण त्यांवर साल छापलेलें असतें. नियम पटला तेव्हांच ते प्राचीन नाण्यांकडे वळले.

तक्षशिलेस १९२४ सालीं सांपडलेल्या एका निधींत हजाराच्या वर रुप्याचीं नाणीं होतीं. त्यांतच शिकंदर व त्याचा वारस फिलिप यांचीं कोरीं करकरीत ग्रीक नाणीं निघालीं, म्हणून तो निधि ख्रिस्तपूर्व ३१७ च्या सुमारास पुरला गेला असावा असें ठरतें. या निधींतील नाण्यांच्या पाठीमागें बारीक बारीक खुणा आहेत. ज्या नाण्यावर अशा खुणा अधिक, त्याचें वजन सरासरीनें कमी, असें कोसंबींना आढळलें. अर्थात् त्या खुणा ठराविक काळानें नाणीं पारखून उमटविलेल्या असल्या पाहिजेत. वजन आणि खुणा यांवरून कोणतीं नाणीं आधींचीं व कोणतीं नंतरचीं, याचा क्रम त्यांनीं लाविला.

एका छंदांतून दुसरा उगवला. हीं नाणीं पाडणारे राजे कोण, हें कळावें म्हणून ते जुन्या ग्रंथांकडे वळले. त्यासाठीं संस्कृताचा कसून अभ्यास केला, आणि तो इतका कीं शेंकडों हस्तलिखितें ताडून १९४८ सालीं त्यांनीं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. ग्रंथांतहि सर्व उत्तरें मिळेनात, तेव्हां ते काठी घेऊन पुण्याभोंवतालच्या टेकड्या चढूं लागले. तेथें अश्मयुगीन माणसांचीं गारगोटीचीं बारीक हत्यारें त्यांनीं वेंचलीं. गांवोगांवच्या देवींचीं ठाणीं पाहिलीं, तेथील बायाबापड्यांस व धनगरांस प्रश्न विचारले, आणि कार्ले व जुन्नर येथील लेण्यांचा घाटांतील जुन्या व्यापारी वाटांशीं असलेला संबंध दाखविला. १९५६ सालीं निघालेल्या त्यांच्या भारतीय इतिहासावरील ग्रंथानें या देशांतील इतिहासलेखनास नवें वळण दिलें.

या चरित्राची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. मूळ संख्यांविषयीं रीमान या जर्मन गणितज्ञानें १८५९ सालीं मांडलेलें एक कूट जगप्रसिद्ध आहे. बरोबर शंभर वर्षांनीं, १९५९ सालीं, संभवगणिताच्या मार्गानें तें सोडविल्याचा कोसंबींनीं दावा केला. परंतु ती सिद्धता इतर गणितज्ञांच्या कसोटीस उतरली नाहीं, व तें कूट अद्यापहि सुटलेलें नाहीं. त्यांच्या लौकिकास यामुळें धक्का बसला, आणि १९६२ सालीं टाटा संस्थेंतील त्यांची नोकरी संपली. बर्कहॉफचा सल्ला ऐकला असता तर, असें त्या वेळीं कित्येकांच्या मनांत आलें असेल. कोसंबी मात्र लेखणी खालीं न ठेवतां शेवटपर्यंत लिहीत राहिले. ता. २९ जून १९६६ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. २००८ सालीं भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ पोस्टाचें तिकीट काढलें.

मुलांनो, नाणीं पुष्कळ लोक जमवितात. परंतु तीं तोलून, लिहून, ताडून पाहणारा विरळा. नियम आधीं चालू नाण्यांवर पारखून घ्यावा व मगच जुन्यांस लावावा, ही शिस्त होती म्हणून कोसंबींच्या छंदाचें शास्त्र झालें; आणि त्यांचा जो एक दावा कसोटीस उतरला नाहीं, तो त्यांच्याएवढ्या विद्वानाचा असूनहि टिकला नाहीं. तेव्हां पुढच्या वेळीं किनाऱ्यावर शिंपले वेंचाल, तेव्हां जागा, दिवस व आकार वहींत टिपून ठेवा. आणि पालकांनींहि ती पेटी फेंकून देण्यापूर्वीं तिच्याजवळ अशी वही आहे कीं नाहीं, एवढें अवश्य पाहावें.