विश्लेषण : ४० फुटी ‘पासोडी’ लिहिणारे दासोपंत कोण होते?

मोबाइल एकट्याचा, पण घरातला मोठा टीव्ही सगळ्यांचा. असाच फरक बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांच्या एका ग्रंथात दिसतो. तो त्यांनी पोथीत नव्हे, कापडावर लिहिला.

दासोपंत कोण?
जन्म शके १४७३ (इ.स. १५५१), नारायणपेठ (आता तेलंगणात). वडील दिगंबरपंत बीदरच्या राजवटीत महसूल अधिकारी होते. सारा थकल्याने सुलतानाने लहान दासोपंतांना ओलीस ठेवले आणि दत्तात्रेयांनी रक्कम भरून सोडवले, अशी आख्यायिका आहे. पुढे घर सोडून ते माहूर, गोदाकाठचे राक्षसभुवन असे करत अंबाजोगाईत स्थिरावले. ‘गीतार्णव’ हा गीतेवरील त्यांचा ग्रंथ सव्वा लाख ओव्यांचा मानला जातो.

पासोडी म्हणजे काय?
पासोडी म्हणजे पांघरायची जाड चादर. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनी ‘पंचीकरण’ लिहिले. पंचमहाभूतांपासून देह आणि सृष्टी कशी घडते, हे त्यात ओव्या व आकृत्यांतून मांडले आहे.

वेगळेपण कशात?
पोथीचे पान एकाच्या हातात राहते. पसरलेल्या पासोडीभोवती मात्र अनेकांना बसता येते. एकाने वाचावे, दुसऱ्याने आकृतीवर बोट ठेवावे. भाषाही सर्वांना कळणारी मराठी.

धोका कोणता?
कापड विरले की अक्षरेही जातात. दासोपंतांनी शके १५३७ मध्ये अंबाजोगाईत देह ठेवला. चारशे वर्षांनंतरही पासोडी टिकली, ती पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्यांमुळे.